शब्दांची यादी आम्ही का देत नाही? (आयईएलटीएस रीडिंगचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी)

प्रवेश घ्यायला येणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: "मराठी अर्थासकट शब्दांची यादी मिळेल का?" आमच्याकडे ती मिळत नाही. कारण नीट कळावे म्हणून हे पत्रक.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. इथे तिच्यातल्या ॲकॅडमिक प्रकाराच्या, म्हणजे उच्च शिक्षणासाठी द्यायच्या परीक्षेच्या, रीडिंग (वाचन) पेपरचाच विचार केला आहे. या पेपरचे स्वरूप तुम्हाला ठाऊक असेलच: तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटे. तिन्ही उतारे मिळून साधारण 2150 ते 2750 शब्द भरतात. रीडिंगला उत्तरे उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. उतारे पुस्तके, मासिके, वर्तमानपत्रे यांतून घेतलेले असतात आणि विषय मुंग्यांपासून काच बनवण्यापर्यंत कोणताही येतो. पुढच्या परीक्षेत नेमका कोणता अवघड शब्द येणार, हे कोणतीच यादी सांगू शकत नाही.

आणि खरे नुकसान शब्द न येण्याने होत नाही, त्या शब्दापाशी थांबण्याने होते. हिशेब करून पाहा. एका उताऱ्यात 12 शब्द अडले आणि प्रत्येकावर 20 सेकंद घालवले, तर 4 मिनिटे गेली. तीन उताऱ्यांत 12 मिनिटे. तिसरा उतारा बहुधा सर्वांत अवघड असतो, आणि नेमका त्याचाच निम्म्याहून अधिक वेळ संपलेला असतो. त्यात मनातल्या मनात मराठी करत वाचायची सवय असेल तर आणखी पंचाईत. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते, मराठीत शेवटी. त्यामुळे लांब वाक्य मराठीत जुळवायला ते शेवटपर्यंत वाचून पुन्हा मागे यावे लागते. प्रत्येक वाक्य दोनदा वाचले जाते.

आमच्या सरावातला लोणार सरोवराचा उतारा घ्या. त्यात 'मॅस्केलिनाइट' हा शब्द आला की मुले थबकतात. पण त्याच वाक्यात स्वल्पविरामानंतर लिहिलेले आहे की ही उल्केच्या आघाताच्या प्रचंड दाबाने बनलेली काच आहे. अर्थ चार शब्द पुढे होता. माहितीपर उताऱ्यात लेखक पारिभाषिक शब्द सहसा असा उलगडूनच देतो: स्वल्पविरामानंतर, डॅशनंतर, कंसात किंवा 'नोन ॲज', 'दॅट इज' यांच्या आसपास. शब्द अडला तर वाक्य संपेपर्यंत पुढे जा. तरीही कळला नाही तर त्याखाली रेघ मारा आणि सोडा. त्यावर प्रश्न असेल तरच परत या.

प्रत्येक उताऱ्याचे पहिले वाचन 3 मिनिटांचे. शीर्षक, पहिला परिच्छेद पूर्ण, मग प्रत्येक परिच्छेदाची पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक. शेजारी दोन शब्दांत लिहा, की हा परिच्छेद काय काम करतो: 'जुनी समजूत', 'पुरावा', 'आक्षेप', 'आजची स्थिती'. मराठीत लिहिले तरी चालते, गुण उत्तरांनाच असतात. 'हाउएव्हर', 'येट', 'अंटिल रीसन्टली' दिसले की गोल करा, कारण तिथे लेखक वळतो. परिच्छेदांना शीर्षके जुळवायचा प्रश्न असेल तर तो या नोंदींवरून लगेच सोडवा. परिच्छेदात आलेला एखादा शब्द शीर्षकात दिसला म्हणून ते शीर्षक निवडू नका. ती बहुतेक वेळा फसवणूक असते.

दुसरी मोठी गळती 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' मध्ये. दिलेले विधान उताऱ्याशी जुळते, त्याच्या उलट जाते, की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही, हे इथे ठरवायचे असते. आमच्या लोणारच्या उताऱ्यात मॅस्केलिनाइटच्या त्या वाक्याखेरीज एवढेच आहे: 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, बराच काळ ती ज्वालामुखीचे मुख समजली गेली, पुढे मॅस्केलिनाइट सापडल्यावर आघाताचा निष्कर्ष पक्का झाला. आता विधाने पाहा. 'मॅस्केलिनाइट ज्वालामुखीच्या उष्णतेने बनते' हे फॉल्स, कारण उतारा त्याच्या उलट सांगतो. 'अलेक्झांडरच्या मते ते ज्वालामुखीचे मुख होते' हे नॉट गिव्हन: समजूत होती, पण त्याची होती असे कुठे लिहिले आहे? 'सरोवराचे पाणी 2020 मध्ये गुलाबी झाले' हेही नॉट गिव्हन. घटना खरी आहे, आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिली, आणि म्हणूनच आपली मुले इथे ट्रू लिहून गुण घालवतात. फॉल्स लिहायचे असेल तर विधान खोडून काढणाऱ्या शब्दांवर बोट ठेवता आले पाहिजे.

या प्रकारातली उत्तरे उताऱ्यात क्रमाने येतात. तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाच्या जागा सापडल्या की चौथ्याची जागा मधेच. तिथे दीड मिनिटात काही मिळाले नाही तर नॉट गिव्हन लिहा आणि पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी नको. गाळलेल्या जागांत मात्र 'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' असताना तीन लिहिले, किंवा स्पेलिंग चुकले, तर तो गुण गेलाच.

पालकांची एक तक्रार असते, की पहिले दोन आठवडे आम्ही घड्याळ लावत नाही. ते मुद्दाम. चुकीच्या पद्धतीने वेगात वाचणारा चुकाच वेगात करतो. तिसऱ्या आठवड्यापासून तीन उताऱ्यांना अनुक्रमे 17, 20 आणि 23 मिनिटे अशी वाटणी करून घड्याळ लावतो, आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरासमोर उताऱ्यातली ओळ दाखवून घेतो. हे मोठ्या बॅचमध्ये जमत नाही, म्हणून आमची बॅच 8 जणांचीच.

पहिली भेट विनामूल्य आहे. येताना घरी सोडवलेला एक पूर्ण पेपर आणा. खाडाखोड, अधोरेखने, प्रत्येक उताऱ्याला लागलेला वेळ सगळे तसेच असू द्या, कोरी प्रत नको. वेळ नेमका कुठे जातो ते त्या खुणांवरूनच आम्हाला दिसते.