राऊटरच्या सीपीयू-लोडवर देखरेख

राऊटरच्या सीपीयू-लोडवर देखरेख : राऊटरमधला, म्हणजे नेटवर्कवरची माहिती योग्य दिशेला पाठवणाऱ्या यंत्रातला, प्रोसेसर (सीपीयू) किती वेळ कामात गुंतलेला असतो, कोणत्या कामात गुंतलेला असतो आणि रोजच्यापेक्षा आज त्यात काय वेगळे आहे, हे ठरावीक अंतराने मोजत आणि साठवत राहण्याची पद्धत. नेटवर्क सांभाळणारी माणसे तिला नुसते ‘सीपीयू बघणे’ म्हणतात. मराठवाड्यात हे काम मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी इंटरनेट देणारा केबलवाला, महाविद्यालयाची लॅब सांभाळणारा तंत्रज्ञ, वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातला आयटीचा माणूस, या सगळ्यांच्या दिवसाचा तो भाग आहे.

टक्क्याचा अर्थ : मराठवाड्यात टक्का म्हटला की आधी जायकवाडी आठवते. नाथसागर ६० टक्के भरला म्हणजे तेवढे पाणी आत्ता तिथे आहे, पैठणला जाऊन डोळ्यांनी बघता येते. सीपीयूचा टक्का तसा नसतो. कोणत्याही एका क्षणी प्रोसेसरचा कोअर (आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एकतर कामात असतो नाहीतर मोकळा. अर्धामुर्धा कामात नसतो. ‘६० टक्के’ याचा अर्थ एवढाच की मोजलेल्या वेळापैकी ६० टक्के वेळ तो कामात होता. म्हणजे हा साठ्याचा आकडा नसून वेळेचा हिशेब आहे, आणि तो किती वेळाचा हे माहीत नसेल तर आकड्याला काही अर्थ उरत नाही.

उदाहरणार्थ, पाच मिनिटांतले २० सेकंद राऊटर १०० टक्क्यांवर अडकला आणि उरलेली २८० सेकंदे २० टक्क्यांवर होता, तर पाच मिनिटांची सरासरी साधारण २५ टक्के येते. ग्राफवर रेष शांत दिसते. पण त्या २० सेकंदांत कुणाचा व्हिडिओ कॉल तुटला, कुणाचे ऑनलाइन पेमेंट मध्येच लटकले. ग्राहक ‘नेट गेलं होतं’ म्हणतो आणि ऑपरेटर ‘आमच्याकडे सगळं ओके दिसतंय’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात.

दुसरी फसगत कोअरची. चार कोअरच्या राऊटरवर एक कोअर १०० टक्क्यांवर आणि बाकीचे तीन १०-१२ टक्क्यांवर असतील, तर एकूण सरासरी ३३ टक्क्यांच्या आसपास दिसते. एकाच टनेलची (दोन ठिकाणांमधल्या बंदिस्त जोडणीची) किंवा एकाच जोडणीची पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) बऱ्याचदा एकाच कोअरच्या वाट्याला येतात, कारण ती वेगवेगळ्या कोअरवर वाटली तर त्यांचा क्रम बिघडण्याची भीती असते. म्हणून कोअरनिहाय आकडा न बघता नुसती सरासरी बघणे म्हणजे घरातल्या एकाला १०४ ताप असताना सगळ्या घराचा सरासरी ताप काढण्यासारखे आहे.

राऊटरची दोन कामे : राऊटर दोन तऱ्हेची कामे करतो. आलेले पॅकेट कोणत्या दिशेला पाठवायचे ते बघून पुढे ढकलणे हे एक. मार्गांचे तक्ते तयार करणे, शेजारच्या राऊटरांशी बीजीपी किंवा ओएसपीएफ या मार्ग कळवण्याच्या पद्धतींनी बोलणी चालू ठेवणे, ग्राहकांचे लॉगिन तपासणे, तंत्रज्ञाने दिलेल्या आज्ञांना उत्तर देणे हे दुसरे. मोठ्या आणि महागड्या यंत्रांत पहिले काम खास चिपा करतात. प्रोसेसरला त्याचा पत्ताही नसतो. अशा राऊटरमधून प्रचंड ट्रॅफिक वाहत असतानाही सीपीयू पाच टक्क्यांवर दिसू शकतो, आणि ट्रॅफिक नसताना मार्गांच्या उलथापालथीने तो ९० टक्क्यांवर जाऊ शकतो. लहान राऊटरांत मात्र दोन्ही कामे एकाच प्रोसेसरच्या डोक्यावर असतात. तालुक्याच्या ठिकाणी दिसणारे बरेचसे राऊटर या दुसऱ्या जातीचे असल्यामुळे इथे सीपीयू बघण्याला जास्त महत्त्व आहे.

अशा यंत्रावर ओझे मेगाबिटने नाही, पॅकेटांच्या संख्येने वाढते. एक गिगाबिटच्या ईथरनेट लाइनवर पूर्ण आकाराची पॅकेटे असतील तर सेकंदाला साधारण ८१ हजार बसतात. ६४ बाइटांची सर्वांत लहान फ्रेम असेल तर १४ लाख ८८ हजार. लाइन तीच, वेग तोच, पण प्रोसेसरला अठरापट वेळा निर्णय घ्यावा लागतो. लहान पॅकेटांचा हल्ला झाला की ट्रॅफिकचा ग्राफ फारसा न हलता सीपीयू आभाळाला भिडतो तो यामुळेच.

आकडा वाचणे : सिस्को कंपनीच्या राऊटरांतल्या आयओएस प्रणालीत ‘शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड’ ही आज्ञा दिली की वरच्याच ओळीत तीन आकडे येतात. समजा त्या ओळीत पाच सेकंदांसाठी ९४%/८७%, एका मिनिटासाठी ७१% आणि पाच मिनिटांसाठी ३८% असे दिसले. तिरप्या रेघेच्या डावीकडचा आकडा एकूण भाराचा, उजवीकडचा त्यातल्या इंटरप्टचा, म्हणजे मुख्यतः पॅकेटे पुढे ढकलण्यात गेलेल्या वेळेचा. इथे ९४ पैकी ८७ पॅकेटांनी खाल्ले आहेत, अंतर्गत प्रक्रियांच्या वाट्याला जेमतेम ७ आले. पाच मिनिटांचा आकडा अजून ३८ वरच आहे, म्हणजे हे दुखणे नुकतेच सुरू झालेले आहे. आता ट्रॅफिक कोणत्या पोर्टवरून येतोय ते बघायचे.

तेच जर ९४%/९% असते तर वाट वेगळी. मग खालच्या यादीत कोण वर चढून बसले आहे ते बघायचे. ‘आयपी इनपुट’ असेल तर जी पॅकेटे जलद मार्गाने जायला हवीत ती एकेक करून प्रोसेसरकडे येत आहेत. ‘एसएनएमपी इंजिन’ (दुरून आकडे विचारणाऱ्या सर्व्हरला उत्तर देणारी प्रक्रिया) असेल तर आपली देखरेखच राऊटरला जड झाली आहे. एका ओळीत एवढे निदान मिळते. ती ओळ न वाचता राऊटर रिबूट करणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरओएस प्रणालीत ‘टूल प्रोफाइल’ ही आज्ञा हेच काम करते आणि भार फायरवॉल (नको असलेली पॅकेटे अडवणे), क्यूइंग (वेगानुसार रांग लावणे), पीपीपी (ग्राहकांच्या लॉगिन-जोडण्या), डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणे) अशा कामांच्या नावाने दाखवते. संध्याकाळी सीपीयू चढलेला आणि प्रोफाइलमध्ये ‘डीएनएस’ सगळ्यात वर असेल, तर बहुधा बाहेरच्या जगाला डीएनएसच्या प्रश्नांसाठीचा ५३ क्रमांकाचा पोर्ट उघडा राहिलेला असतो. कुणीतरी परदेशातून त्या राऊटरला प्रश्न विचारून त्याची मोठमोठी उत्तरे तिसऱ्याच्या अंगावर सोडत असते. बाहेरून येणारे प्रश्न फायरवॉलमध्ये अडवले की काही सेकंदांत सीपीयू खाली येतो.

लिनक्सवर चालणाऱ्या राऊटरात ‘लोड ॲव्हरेज’ नावाचे आणखी तीन आकडे असतात, १, ५ आणि १५ मिनिटांचे. हे टक्के नव्हेत. कामाला लागलेल्या, पाळीची वाट बघणाऱ्या आणि डिस्कसारख्या गोष्टीसाठी अडकलेल्या प्रक्रियांची ती सरासरी संख्या असते. चार कोअरच्या यंत्रावर ३ हा लोड ठीक, एका कोअरच्या यंत्रावर तोच ३ म्हणजे रांग लागली आहे.

दुरून मोजणे : प्रत्येक राऊटरमध्ये शिरून आज्ञा देत बसणे शक्य नसते. त्यासाठी १९८८ साली एसएनएमपी हा प्रोटोकॉल आला. देखरेखीचा सर्व्हर यूडीपीच्या (पोच न मागता पाठवण्याच्या पद्धतीच्या) १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न विचारतो, राऊटर आकडा सांगतो. सर्व बनावटींसाठी ठरवलेल्या सामाईक तक्त्यात ‘एचआर-प्रोसेसर-लोड’ हा मोजमापाचा घटक आहे. तो प्रत्येक प्रोसेसरचा गेल्या एका मिनिटातला कामाचा टक्का देतो. स्वित्झर्लंडच्या टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी हे ग्राफ काढणारे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले आणि दर पाच मिनिटांनी एक ठिपका मांडणारे ग्राफ जगभर पसरले. पुढे १९९९ मध्ये त्यांचेच आकडे साठवणारे आरआरडीटूल आले. देखरेखीची सॉफ्टवेअरे कॅक्टी आणि लिब्रेएनएमएस याच परंपरेतली, झॅबिक्स स्वतंत्रपणे वाढलेले. पाच मिनिटांची ती सवय आजही अनेक ठिकाणी तशीच आहे. आताच्या यंत्रांना मिनिटाला एकदा विचारणे मुळीच जड नाही, तेव्हा ती मोडलेली बरी. जड पडते ते पूर्ण मार्गतक्ता किंवा एआरपीचा (कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा हे सांगणारा) तक्ता वारंवार ओढणे. सीपीयूचा एक आकडा मागा, सगळे घर धुंडाळू नका.

ग्राफमधली मोकळी जागा हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. प्रोसेसर खरोखर दमला की एसएनएमपीच्या प्रश्नाला उत्तर देणे त्याला जमत नाही. यूडीपी असल्याने प्रश्न हवेत विरतो आणि ग्राफवर रेषाच तुटते. नेमकी आणीबाणीची वेळ अशी कोरी राहते. काही ठिकाणी त्या जागी शून्य काढले जाते आणि बघणाऱ्याला वाटते, त्या वेळी राऊटर निवांत होता. म्हणून उत्तर न येणे हीच धोक्याची सूचना धरावी आणि राऊटरला स्वतःहून सूचना पाठवायलाही सांगून ठेवावे. सिस्कोवर वरची आणि खालची अशा दोन मर्यादा देता येतात: समजा ८० ओलांडले की एक सूचना, आणि ४० च्या खाली उतरले की दुसरी. मध्ये अंतर ठेवले नाही तर आकडा ८० च्या आसपास घुटमळतो आणि फोन रात्रभर वाजत राहतो.

लाईट आल्यावरचे वादळ : मराठवाड्यात सीपीयू बघणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा प्रसंग लाईट जाण्याचा नाही, येण्याचा असतो. ऑपरेटरच्या खोलीतला राऊटर आणि ओएलटी (फायबर लाइनचे ऑपरेटरकडचे यंत्र) बॅटरीवर चालू असतात. गावात मात्र भारनियमन किंवा डीपीतला बिघाड, म्हणून घरोघरचे ओएनटी (फायबर लाइनचे ग्राहकाकडचे यंत्र) बंद. मग एका फीडरवरच्या तीन-चार गावांची लाईट एकाच क्षणी येते. दोनेक मिनिटांत सगळे ओएनटी चालू होतात आणि शेकडो घरांतून पीपीपीओईच्या (लॉगिन करून जोडणी घेण्याच्या) मागण्या एकदम राऊटरच्या दारात येतात.

प्रत्येक मागणीमागे काम असते. ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरला नाव-पासवर्ड विचारायचा, पत्ता द्यायचा, ग्राहकासाठी इंटरफेस तयार करायचा, त्याच्या प्लॅनप्रमाणे वेगाची क्यू बांधायची. ग्राहकाचा एकेकट्या पत्त्याचा मार्ग ओएसपीएफमधून शेजाऱ्यांना कळवला जात असेल, तर दर लॉगिनला सगळ्या राऊटरांना खबर जाते आणि तेही कामाला लागतात. सीपीयू १०० वर जातो, उत्तरे उशिरा जाऊ लागतात. उत्तर आले नाही म्हणून ओएनटी पुन्हा मागणी करतो. त्यातच आधीपासून जोडलेल्या ग्राहकांच्या ‘आहेस का?’ या हाकेला ओ देणे राहून जाते, त्यांच्याही जोडण्या तुटतात आणि तेही रांगेत उभे राहतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. इकडे ऑफिसातल्या पोराचा फोन थांबत नाही: “दादा, लाईट येऊन अर्धा तास झाला, नेट का नाही?”

या वेळी रिबूट मारण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. रिबूटने रांग पुसली जात नाही. उलट जेवढे ग्राहक कसेबसे जोडले गेले होते तेही बाहेर पडतात आणि वादळ पहिल्यापासून सुरू होते. सेकंदाला किती नव्या जोडण्या घ्यायच्या याला मर्यादा घालणे, ग्राहकांचे सुटे मार्ग कळवण्याऐवजी सगळ्या पत्त्यांचा एकच एकत्रित मार्ग कळवणे, गावे दोन राऊटरांवर वाटणे, हे उपाय आधीच करून ठेवायचे असतात. ते लागू पडले की नाही हे ग्राफवर स्पष्ट दिसते: उंच सपाट पठाराच्या जागी पाच-सात मिनिटांचा उतरता डोंगर. त्यासाठी सीपीयूच्या शेजारी चालू जोडण्यांची संख्या त्याच ग्राफवर मांडावी. सीपीयू वर आणि जोडण्याही वाढत्या, तर राऊटर काम उरकतो आहे. सीपीयू वर आणि जोडण्या जागच्या जागी वरखाली, तर तो गोल फिरतो आहे.

इतर कारणे : गावातल्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके बसली की लूप होतो आणि ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेल्या) पॅकेटांचा लोंढा प्रोसेसरवर येतो. डीबग (बारीकसारीक नोंदी दाखवणारी तपासणी) चालू करून विसरणे हेही जुने कारण. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या यंत्राचे तापमान बाहेरच्या ४२-४३ अंशांपेक्षा बरेच वर जाते. काही प्रोसेसर अशा वेळी स्वतःचा वेग कमी करतात आणि तेवढ्याच ट्रॅफिकला जास्त टक्के लागू लागतात, म्हणून तापमानाची रेषाही सोबत हवी.

पिंगवरून (यंत्राला हाक मारून उत्तराला लागणारा वेळ मोजण्यावरून) सीपीयू ओळखण्याची पद्धत मात्र भरवशाची नाही. स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणे हे राऊटरच्या लेखी सर्वांत कमी निकडीचे काम असते. ट्रेसराऊटमध्ये (वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या आज्ञेत) मधला एखादा टप्पा ८० मिलिसेकंद दाखवतो आणि पुढचे टप्पे १२ दाखवतात, तेव्हा मधला राऊटर फक्त उत्तर द्यायला सवड काढत नसतो. पॅकेटे वेळेवरच जात असतात.

धोक्याची मर्यादा : ‘८० टक्क्यांवर अलार्म’ हा सगळीकडे चालणारा नियम नाही. रोज रात्री ८ ते ११ मध्ये ७५ वर जाणाऱ्या राऊटरला ८० म्हणजे थोडी गर्दी. रोज १५ वर असणाऱ्या राऊटरला पहाटे तीन वाजता ५० दिसणे ही गंभीर गोष्ट आहे. निदान दोन-तीन आठवड्यांचे आकडे साठवून त्या राऊटरचा त्या तासाचा नेहमीचा आकडा काढावा आणि त्यापासून किती दूर गेलो ते बघावे.

जलद पॅकेट-प्रक्रियेसाठी डीपीडीके ही सॉफ्टवेअर-लायब्ररी वापरणाऱ्या नव्या सॉफ्टवेअर राऊटरांत तर हा आकडा वेगळ्याच रीतीने वाचावा लागतो. त्यांत पॅकेटांसाठी नेमलेले कोअर ‘काही आले का?’ असे सतत विचारत राहतात, त्यामुळे लाइनवर एकही पॅकेट नसताना ते १०० टक्के दिसतात. तिथे टक्का बाजूला ठेवून सेकंदाला किती पॅकेटे हाताळली, किती टाकून दिली आणि कितीदा विचारून रिकाम्या हाताने परत यावे लागले हे मोजतात. रिकाम्या फेऱ्या जवळपास संपल्या की तो कोअर खरोखर भरलेला असतो.