हिरड्यांचे जंतू आणि कॅन्सर

तोंडातल्या जंतूंचा आणि कॅन्सरचा संबंध म्हटलं की सगळ्यात जास्त नाव येतं ते फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमचं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा हा जंतू निरोगी तोंडातही थोडाफार असतोच, पण किटण साचून हिरडी सुजली, दातापासून सुटली आणि मधे खोल फट पडली की तिथे ऑक्सिजन कमी असतो आणि हा फोफावतो. डेंटिस्ट खुणा असलेल्या बारीक सळईने ती फट मोजतात, ३ मिलीमीटरपर्यंत ठीक, त्याच्या पुढे गेली आणि रक्तही येत असेल तर आजार धरायचा.

२०१२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन टीमना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत हाच जंतू सापडला, शेजारच्या चांगल्या भागापेक्षा बराच जास्त. तो गिळलेल्या लाळेतून जातो किंवा रक्तातून, आणि गाठीच्या पेशींवर जी एक साखर जास्त असते तिला फॅप२ नावाच्या प्रोटीनने चिकटतो, वर त्याच प्रोटीनने आपल्या रोगप्रतिकारक पेशींनाही थोपवतो. २०१७ मध्ये लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींतही तो दिसला, आणि उंदरांना मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिल्यावर गाठींची वाढ मंदावली. हे उंदरांमधलं आहे बरं का, त्यावरून कुणी मनाने गोळ्या घेऊ नयेत.

आता जंतू गाठीत सापडला म्हणजे कॅन्सर त्यानेच केला असं होत नाही. अमेरिकेतल्या पुरुष आरोग्य व्यावसायिकांच्या २००८ च्या अभ्यासात हिरड्यांचा आजार झालेल्यांत एकूण कॅन्सरचा धोका १४ टक्के जास्त निघाला, पण सिगारेटने हिरड्याही खराब होतात आणि कॅन्सरही होतो, त्यामुळे दोन्ही वेगळं काढणं अवघड. कधीच सिगारेट न ओढलेल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही, एकूण कॅन्सरशी मात्र तिथेही दिसला, म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण तंबाखू आणि सुपारीच. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या संशोधकांना जिभेच्या कॅन्सरच्या गाठींतही फ्युसोबॅक्टेरियम सापडलाय, पण म्हणून तंबाखूचा दोष कमी होत नाही. आणि मशेरी तर थेट हिरड्यांवरच घासतात, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच ती, कितीतरी बायका दात साफ होतात म्हणून रोज लावतात. कडक झालेलं किटण मशेरीनेच काय, ब्रशनेही निघत नाही, त्याला स्केलिंगच लागतं, म्हणजे डेंटिस्टकडून ते खरवडून काढून घेणं.