वेब ॲप खिशात टाकलं की झोपतं, त्याची गोष्ट

टेकडीवर किती चाललो ते मोजायला मी घरीच एक छोटं वेब ॲप (म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं ॲप) बनवलं, होमस्क्रीनवर आयकॉन वगैरे टाकून, दिसायला अगदी खऱ्या ॲपसारखं. पहिल्याच दिवशी फोन खिशात टाकून वर गेलो आणि बघतो तर नकाशावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक सरळ रेघ, म्हणजे मी झाडांवरून उडत गेलो की काय!

झालं असं की स्क्रीन बंद झाली आणि ॲपला लोकेशन मिळायचंच थांबलं. नेटिव्ह ॲप, म्हणजे थेट फोनच्या सिस्टीमसाठी बनवलेलं, असतं तर अँड्रॉइडवर त्याने फोरग्राउंड सर्व्हिस चालू केली असती, ती वर नोटिफिकेशनची पट्टी चिकटून बसते ना, तीच. ती आहे तोवर सिस्टीम सहसा ॲपला हात लावत नाही. आयफोनवरही नेटिव्ह ॲपला बॅकग्राउंड लोकेशनची परवानगी मागता येते. वेब ॲपला मात्र ही दारं बंद, कारण इन्स्टॉल केलं तरी ते राहतं ब्राउझरच्याच घरात.

मग बंद वेब ॲपची नोटिफिकेशन येते कशी? ते काम सर्व्हिस वर्करचं. हा जावास्क्रिप्टचा तुकडा पान बंद असतानाही ब्राउझर उठवू शकतो, पण तो रात्रभर जागणारा वॉचमन नाही, बेल वाजली की उठतो, काम उरकतो आणि परत आडवा, क्रोममध्ये ३० सेकंद रिकामा बसला की बंदच. जीपीएस विचारायची सोय त्याला नाहीच. आयफोनवर तर वेब पुश (वेब ॲपला अशी नोटिफिकेशन पाठवायची सोय) यायलाच मार्च २०२३ उजाडला (आयओएस १६.४), तेही फक्त होमस्क्रीनवर टाकलेल्या ॲपला.

ठराविक वेळाने गुपचूप डेटा आणायचा तर अँड्रॉइडवर नेटिव्ह ॲपला कमीत कमी १५ मिनिटांचं अंतर ठेवून काम लावता येतं, क्रोम वेब ॲपला १२ तासांच्या आत वळूनही बघत नाही, सफारीत तर ही सोयच नाही. अर्थात नेटिव्हवाल्यांचीही मजा अँड्रॉइड ६ च्या डोझपासून (फोन नुसता पडून असला की ॲप्सना झोपवणारी सोय) कमी होत गेलीय.

चिडचिड होते, पण मला हे पटतं. वेब ॲप कुठल्याही साइटवरून दोन टॅपमध्ये बसतं, मध्ये स्टोअरची तपासणी नाही, असल्या पाहुण्याला रात्रभर लोकेशन कोण देईल?

शेवटी मी वेक लॉक वापरून स्क्रीनच जागी ठेवली. रेघ आता वळणं घेते, फक्त फोन हातात धरून चढावं लागतं, खिशात टाकला की मांडी लागून 'थांबवा' दाबलं जातं.