‘म्म्मबॉप’नंतरची पंचवीस वर्षं : हॅन्सन बंधूंच्या गीतलेखनाची पार्श्वभूमी

‘म्म्मबॉप’ हे १९९७चं गाणं ज्यांना आठवतं, त्यांना बहुधा त्याचं ध्रुवपदच आठवतं. अर्थ नसलेले, जिभेवर उड्या मारणारे ते शब्द तेव्हा इतके वाजले की अंतऱ्यांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अंतरे सांगतात ते असं : आयुष्यात माणसं पुष्कळ भेटतात, त्यांतलं एखाद-दुसरंच टिकतं, बाकीची बघता बघता निघून जातात, तेव्हा तुमची काळजी असणाऱ्यांना धरून ठेवा. हे लिहिणाऱ्या, ‘हॅन्सन’ बँडच्या तीन भावांपैकी धाकटा झॅक, गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा ११ वर्षांचा होता. मधला टेलर १४चा, थोरला आयझॅक १६चा. हा बँड पुढे ‘प्रौढ’ झाला, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. विषय त्यांच्याकडे पहिल्यापासून मोठ्या माणसांचेच होते. बदलला तो आवाज, बदललं कसब, आणि सगळ्यात जास्त बदललं ते हे की आपलं कुठलं गाणं लोकांपुढे जायचं ते कुणी ठरवायचं.

हे भाऊ ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साचे. वडील तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीत नोकरीला, त्यामुळे मुलं लहान असताना कुटुंब काही काळ इक्वेडोर, व्हेनेझुएला आणि त्रिनिदादमध्ये राहिलं. मुलं शाळेत जात नव्हती, आई घरीच शिकवायची. परदेशी जाताना सोबत घेतलेल्या कॅसेट होत्या १९५० आणि ६०च्या दशकांतल्या रॉक अँड रोलच्या. म्हणजे १९९०च्या आसपास, बरोबरीची पोरं टीव्हीवर रॅप आणि ग्रंज ऐकत असताना, ही तिघं आईवडिलांच्या तरुणपणातली गाणी तीन आवाजांत बसवत होती. टल्साच्या मेफेस्ट या महोत्सवात १९९२मध्ये ते पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून गायले, तेही वाद्यांशिवाय. वाद्यं नंतर आली : टेलर कीबोर्डवर, आयझॅक गिटारवर, झॅक ड्रम्सवर.

१९९४मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात कुणी ऐकेल त्याला ते गाऊन दाखवत फिरत होते. तिथे त्यांना व्यवस्थापक मिळाला, कंपनी मात्र मिळाली नाही. जवळपास डझनभर कंपन्यांनी नकार दिला. ‘बूमरँग’ (१९९५) आणि ‘म्म्मबॉप’ (१९९६) हे दोन अल्बम त्यांनी टल्सातच स्वतः काढले. त्या दुसऱ्या अल्बमवरचं मूळ ‘म्म्मबॉप’ आजही मुद्दाम ऐकावं असं आहे. लय संथ, सूर थोडा उदास. ध्रुवपदाचा तुकडा आधी दुसऱ्याच एका गाण्यात मागून गायला म्हणून सुचला होता, अंतरे नंतर लिहिले गेले. या संथ रूपात शब्द नीट ऐकू येतात आणि गाण्याचा खरा विषय चटकन ध्यानात येतो.

मर्क्युरी कंपनीच्या स्टीव्ह ग्रीनबर्गच्या हाती ती टेप पडली तेव्हा त्याला वाटलं, यात काहीतरी लबाडी असणार. एवढी मुलं असं गात-वाजवत नाहीत, मागे कुणीतरी मोठं माणूस आहे. खात्री करायला तो कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावच्या जत्रेत त्यांचा कार्यक्रम बघायला गेला. तिथे मोठी माणसं दोनच दिसली : वडील सामानाची चढउतार करत होते आणि आई टी-शर्ट विकत होती. करार झाला.

पुढचं काम कंपनीनं हुशारीनं केलं, हे मान्य करायला हवं. गाणं डस्ट ब्रदर्स या निर्माता जोडीकडे गेलं. बेक या गायकाचा ‘ओडिले’ आणि बीस्टी बॉइज या रॅप गटाचा ‘पॉल्स बुटीक’ ही त्यांचीच कामं. त्यांनी लय वाढवली आणि तबकडी घासल्याचे आवाज पेरले. बाकीच्या अल्बमचं बरंचसं काम स्टीव्हन लिरोनीकडे होतं. सहलेखनासाठी बॅरी मान आणि सिंथिया वाइल हे साठच्या दशकापासून गाणी लिहिणारं दांपत्य, डेस्मंड चाइल्ड, मार्क हडसन अशी मुरलेली माणसं आणली गेली. ‘मिडल ऑफ नोव्हेअर’ ६ मे १९९७ रोजी बाहेर पडला आणि जगभर मिळून त्याच्या सुमारे एक कोटी प्रती खपल्या. ग्रॅमीची तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. आपल्याकडेही केबलवर चॅनल व्ही आणि एमटीव्ही स्थिरावत होते, आणि शहरांतल्या शाळकरी पोरांना ते तीन सोनेरी केसांचे चेहरे तिथून ओळखीचे झाले.

या अल्बमची काही वेगळी गाणी काढून बघा. ‘इयरबुक’ हे शाळेच्या वार्षिकात फोटो नसलेल्या, अचानक नाहीशा झालेल्या मुलाबद्दल आहे. त्याचं काय झालं हे कुणी बोलत नाही, आणि गाणंही शेवटपर्यंत सांगत नाही. जी मुलं कधी शाळेतच गेली नाहीत त्यांनी शाळेच्या वार्षिकावर लिहावं, हीही गंमतच. ‘विथ यू इन युअर ड्रीम्स’मध्ये जाणारं माणूसच मागे राहणाऱ्यांची समजूत घालतं, ते त्यांनी आजीसाठी लिहिलं होतं. सगळ्यात शेवटी, यादीत नाव न छापलेलं ‘मॅन फ्रॉम मिलवॉकी’ हे झॅकचं गाणं : बस स्टॉपवर भेटलेला एक माणूस परग्रहाच्या गोष्टी सांगतो. प्रवासात व्हॅन बंद पडून खोळंबा झाला तेव्हा ते सुचलं. रचना कच्ची आहे, पण लिहिणारा आजूबाजूला बघतोय हे कळतं. सहलेखकांनी सुबक केलेल्या प्रेमगीतांपेक्षा मला याच तीन गाण्यांत पुढचे हॅन्सन दिसतात.

मग निसर्गानं आपलं काम केलं. टेलरचा आवाज फुटला. ज्या उंच, कोवळ्या स्वरावर सगळा डोलारा उभा होता तो स्वरच गेला आणि मंचावर गाण्यांच्या पट्ट्या खाली उतरवाव्या लागल्या. संगीत नाटकांच्या काळात कंपनीतल्या पोराचा आवाज फुटला की त्याची भूमिका जायची, गवई म्हणून पुन्हा उभं राहायला त्याला काही वर्षं लागायची. तशीच ही अवस्था. फरक इतकाच की टेलरच्या नव्या आवाजात भरड सोल गायकीचा रंग आला, आणि लहानपणी ऐकलेल्या कॅसेटमधल्या गायकांच्या तो जवळ गेला.

त्याच सुमारास धंद्याची गणितं फिरली. १९९८मध्ये सीग्रॅमनं मर्क्युरीची मालक कंपनी पॉलिग्रॅम विकत घेतली, मर्क्युरीची मोडतोड झाली आणि हॅन्सन आयलंड डेफ जॅम या नव्या जुळणीत जाऊन पडले. त्यांना हौसेनं घेणारी माणसं उरली नव्हती. दुसऱ्या मोठ्या अल्बमसाठी आधी ‘द कार्स’ या रॉक बँडच्या रिक ओकासेकबरोबर ध्वनिमुद्रण झालं, कंपनीला ते रुचलं नाही, मग पुन्हा लिरोनी आणि हडसन. ‘धिस टाइम अराउंड’ मे २०००मध्ये आला. त्यात जॉनी लँगची गिटार आहे, जॉन पॉपरचा हार्मोनिका आहे, गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणाची सामूहिक गायकी आहे. एका ब्लूज-रॉक बँडचा हा चांगला, काही जागी उत्तम अल्बम. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘एनसिंक’ या पोरांच्या बँडच्या अल्बमच्या २४ लाख प्रती पहिल्या आठवड्यात खपल्या होत्या. पोरांच्या पॉपची जी लाट हॅन्सनच्या यशामुळे आणखी उसळली, तिच्यात नाच होता, कसलेली पावलं होती. वाद्यं वाजवणाऱ्या, घोगऱ्या आवाजाच्या तीन मुलांना जागा नव्हती. कंपनीनं दौऱ्यासाठीचे पैसे थांबवले. दौरा भावांनी पदरच्या पैशानं पुरा केला.

यानंतरची तीन वर्षं या कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची. तिसऱ्या अल्बमसाठी ते गाणी लिहून नेत आणि कंपनी म्हणे, यात सिंगल, म्हणजे एकटं बाजारात आणता येईल असं गाणं नाही. परत लिहा. अशी ८०हून अधिक गाणी नाकारली गेली. या सगळ्याचं चित्रीकरण ते स्वतःच करवून घेत होते. त्यातून पुढे ‘स्ट्राँग इनफ टू ब्रेक’ हा माहितीपट झाला आणि कॉलेजांमध्ये दाखवला गेला. तो पाहताना राग कमी येतो आणि कंटाळा जास्त जाणवतो : तेच फोन, तीच गुळमुळीत उत्तरं, थांबून राहिलेली तारीख. पण इतक्या गाण्यांचा रियाज एरवी कुणी कशाला केला असता? याच काळात त्यांनी मॅथ्यू स्वीट, ग्रेग अलेक्झांडर अशा, पॉपची बांधणी पक्की ठाऊक असलेल्यांबरोबर बसून लिहिलं. टेलरचं २००२मध्ये, १९व्या वर्षी लग्न झालं, तो बापही झाला. गाण्यांत घर, अंतर, अपराधी वाटणं हे विषय आपसूक आले.

२००३मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि ‘थ्री सीजी रेकॉर्ड्स’ हे स्वतःचं लेबल काढलं. नाव आलं ते तीन मोटारींच्या गराजवरून. १९९८मध्ये निघालेल्या त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहालाही हेच नाव होतं. ‘अंडरनीथ’ अमेरिकेत एप्रिल २००४मध्ये निघाला आणि खपाच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्डच्या स्वतंत्र अल्बमांच्या यादीत थेट पहिला आला. मुख्य यादीत तो २५वा होता. १९९७च्या मानानं हा आकडा किरकोळ वाटेल. पण मधे हिस्सा कापणारी बडी कंपनी नव्हती.

‘अंडरनीथ’ हा मला त्यांचा सगळ्यात बांधीव अल्बम वाटतो. ‘पेनी अँड मी’ घ्या. दोघं गाडीत बसलीत, रेडिओ चालू आहे, रस्ता सरतोय. घडत काहीच नाही. पंधराव्या वर्षी हेच लिहिताना त्यांनी ‘आपण कायम असेच राहू’ छापाची एक ओळ घातली असती. इथे ती ओळ नाही, फक्त तपशील आहेत, आणि गुंतणं तपशिलांतूनच समजतं. मुखड्याला येण्याआधी चाल किंचित थांबते, तिन्ही आवाज एकत्र शिरतात. भावाभावांच्या आवाजांची जात एकच असल्यामुळे ते जुळणं वेगळंच लागतं. लहानपणी याच जुळण्याच्या जोरावर ते लक्ष वेधून घेत. इथे ते मोजून वापरलंय.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो, कारण तो सरळ आहे. ‘द वॉक’साठी (२००७) ते दक्षिण आफ्रिकेत गेले, सोवेटोतल्या मुलांकडून गाऊन घेतलं, ‘ग्रेट डिव्हाइड’चं उत्पन्न तिथल्या एचआयव्ही संशोधनाला दिलं आणि दौऱ्यावर चाहत्यांना घेऊन मैलभर अनवाणी चालले. हेतू निर्मळ, गाणी मात्र कधीकधी उपदेशाकडे झुकतात. हा त्यांचा दोष जुना आहे. ओळ भव्य करण्याचा मोह आवरत नाही आणि ‘आशा’, ‘प्रकाश’, ‘लढा’ असल्या शब्दांची गर्दी होते. ‘शाउट इट आउट’मध्ये (२०१०) तो मोह आवरलेला दिसतो. मोटाउन या सोल संगीताच्या कंपनीच्या साथीदारांतला बॉब बॅबिट बासवर, मायकल जॅक्सनच्या तबकड्यांवर ट्रंपेट-सॅक्सोफोनची रचना करणारा ‘हे’ आडनावाचा जेरी त्याच कामासाठी, आणि अल्बम चक्क नाचायला लावतो. २०१३मध्ये ‘अँथम’ आला, त्याच वर्षी ‘म्म्महॉप्स’ नावाची बिअरही आली. आपल्या बालपणीच्या ओझ्याची अशी थट्टा करता येणं, हेही मोठेपणाचंच लक्षण.

२०१८च्या ‘स्ट्रिंग थिअरी’त जुनी-नवी गाणी वाद्यवृंदासह आली. संयोजन डेव्हिड कॅम्बेलचं, म्हणजे बेकच्या वडिलांचं. डस्ट ब्रदर्सपासून सुरू झालेला धागा असा योगायोगानं त्याच घरात पोचला. या मांडणीत ‘म्म्मबॉप’ इतर गाण्यांच्या रांगेत बसतं, आणि त्याच्या अंतऱ्यांतली हुरहुर ऐकणाऱ्याला वेगळी दाखवून द्यावी लागत नाही.

२०२२च्या ‘रेड ग्रीन ब्लू’त त्यांनी आणखी एक गोष्ट केली. अल्बमचे तीन भाग पाडले, एकेका भावानं एकेक भाग लिहिला आणि गायला : लाल टेलरचा, हिरवा आयझॅकचा, निळा झॅकचा. टेलर आणि झॅक मुख्य स्वरात गाताना श्रोत्यांनी बरंच ऐकले होते. आयझॅक बहुतेक वेळा मधल्या सुरात, गिटार धरून, दोघांच्या मागे असायचा. इथे एक तृतीयांश अल्बम त्याचा आहे. हॅन्सन नव्यानं ऐकायला घेणाऱ्यानं ‘अंडरनीथ’नंतर या हिरव्या भागाकडे जावं, मग मागे वळून १९९७च्या तबकडीतला मधला आवाज शोधावा, तो प्रत्येक ध्रुवपदात आहे.