छापखान्याच्या गावात माध्यमांचा अभ्यास: पार्श्वभूमी

गोव्यात माध्यमांवर बोलायला उभा राहिलेला माणूस १५५६पासून सुरुवात करतो. ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला छापखाना वाटेत इथेच राहिला, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला, भारतातला पहिला ठरला. खरंच आहे ते. त्यापुढचं मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१६१६ साली दक्षिण गोव्यातल्या रायतूरला, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. रोमन लिपी काही आवडीने घेतलेली नव्हती. १६०८मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण मांडली होती: युरोपात चोवीस अक्षरांत काम भागतं, इथल्या लिपीला सहाशे साचे पाडावे लागतील. ते कोणी पाडले नाहीत. पुढे सरकारचं धोरणच देशी भाषांवर उलटलं. १६८४चा हुकूम त्यांच्या मुळावर आला, छापखाने थंडावले आणि १७५४ साली लिस्बनने छपाईवर बंदीच घातली. १८२१ साली ‘गॅझेता द गोवा’ निघालं, तेही सरकारी आणि पोर्तुगीजमध्ये.

मराठी पत्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. १९१२ साली केप्यात हेगडे देसायांनी ‘भारत’ काढलं. मराठीसोबत पोर्तुगीज मजकूर देणाऱ्या या पत्राने सरकारचे खटले अंगावर घेतले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तर लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागे. वधू-वरांच्या नावांत आणि मुहूर्तात त्याला काय सापडत असेल, देव जाणे!

या सगळ्याचा गाजलेला अभ्यास मात्र गोव्यात झाला नाही. तो केला गोव्याच्याच अ. का. प्रियोळकरांनी, मुंबईत राहून. भारतातल्या मुद्रणाचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ साली निघाला, तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुक्तीनंतर, १९६५ साली, मुंबई विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर केंद्र उघडलं. ताळगावच्या पठारावरचं स्वतंत्र गोवा विद्यापीठ १९८५चं.

मधल्या काळात अभ्यासाचा विषय डोळ्यांदेखत घडत होता. १९६२च्या मार्चमध्ये ‘गोमन्तक’ सुरू झाला, वर्षभराने ‘राष्ट्रमत’. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाआधी गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने ‘गोमन्तक’ आणि विरोधात ‘राष्ट्रमत’ असे दोघे उभे ठाकले. ‘महाराष्ट्रात जाऊ नका’ हे गोंयकाराला पटवायलाही मराठीच दैनिक लागलं! विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. त्यात छापील शब्दाचा वाटा किती, हा प्रश्न कोणत्याही माध्यम-संशोधन केंद्राला वर्षभर पुरेल.

मात्र असं केंद्र निव्वळ कॅमेरा आणि स्टुडिओवर उभं राहायचं नाही. जुन्या फायली वाचायला माणसं लागतात. ‘भारत’चा अंक उघडा: मराठी मजकूर आपण घडाघडा वाचतो, पण पोर्तुगीज भाग आला की अडखळतो. तो वाचून सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.