लघुग्रहाचं तात्पुरतं नाव आणि कायमचा क्रमांक

‘२००० जेडब्ल्यू८’ आणि ‘७१९ अल्बर्ट’ ही दोन लघुग्रहांची नावं वाटतात, पण लघुग्रह एकच आहे. पहिलं त्याचं तात्पुरतं नाव. दुसऱ्यातला ७१९ हा कायमचा क्रमांक. बातम्यांत दोन्ही सरसकट ‘लघुग्रहाचा नंबर’ म्हणून खपतात. वास्तविक तात्पुरत्या नावावरून तो कधी दिसला ते कळतं, तर क्रमांकावरून त्याची कक्षा पक्की झाली आहे एवढंच.

तात्पुरतं नाव वाचणं सोपं आहे. आधी वर्ष. मग पहिलं अक्षर पंधरवड्याचं: ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे जानेवारीचा उरलेला भाग, असं पुढे, आय वगळायचा. म्हणून जे म्हणजे मेचा पहिला पंधरवडा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगतं. इथेही आय नाही, त्यामुळे अक्षरं २५ आणि डब्ल्यू बाविसावं. २५ संपले की पुन्हा ए पासून सुरुवात, आणि अशी किती आवर्तनं झाली ते शेवटचा आकडा सांगतो. आठ गुणिले २५ अधिक २२, म्हणजे मे २००० च्या पहिल्या पंधरवड्यातली २२२वी नोंद. ही पद्धत १९२५ पासूनची. त्याआधीच्या नावांना हा हिशेब लावू नये.

ही नोंद मिळायला दोन-तीन रात्रींची निरीक्षणं पुरतात. कक्षेसाठी मात्र ती अगदीच तोकडी. दुर्बिणीला दिसते ती फक्त दिशा, अंतर नाही. काही रात्रींत लघुग्रह आपल्या वाटेचा इतका लहान तुकडा चालतो की त्यावर कितीतरी वेगवेगळ्या कक्षा बसवता येतात. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाची सूर्याभोवतीची फेरी साधारण तीन ते सहा वर्षांची, आणि तो पृथ्वीवरून नीट दिसतो प्रतियुतीच्या सुमारास (पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो तेव्हा), म्हणजे सव्वा ते दीड वर्षांतून एकदा. त्यामुळे सहसा चारेक प्रतियुतींची निरीक्षणं जुळली की मग मायनर प्लॅनेट सेंटर ही लघुग्रहांची जागतिक नोंद ठेवणारी संस्था क्रमांक देते. तोवर एकाच लघुग्रहाला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी तात्पुरती नावं मिळालेली असू शकतात. तो प्रत्येक वेळी ‘नवा’ सापडलेला असतो!

निकष एवढे कडक का, ते अल्बर्टच्या इतिहासात दिसतं. व्हिएन्नात खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसांनी तो ऑक्टोबर १९११ मध्ये शोधला. मोजक्या रात्री दिसला आणि नाहीसा झाला. तरीही त्याला ७१९ क्रमांक आणि नाव दोन्ही मिळालं, आणि मग कित्येक दशकं यादीत एक असा लघुग्रह राहिला जो कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याची कक्षा लांबुळकी आहे: एक टोक पृथ्वीच्या कक्षेजवळ, दुसरं मुख्य पट्ट्याच्या पलीकडे. २००० साली स्पेसवॉच या लघुग्रह शोधणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाला एक लघुग्रह दिसला, त्याला २००० जेडब्ल्यू८ हे नाव मिळालं, कक्षा मागे मोजत नेली आणि ती १९११ च्या निरीक्षणांशी जुळली. शोधाचं श्रेय अर्थातच पालिसांकडेच राहिलं. मुख्य पट्ट्यातला ८७८ मिल्ड्रेडही असाच १९१६ मध्ये सापडून हरवला. तो परत मिळाला १९९१ मध्ये.

क्रमांकावरून शोधाचं वर्ष ताडायला जाऊ नका. सेरेस १, पॅलास २, जूनो ३, व्हेस्टा ४ इथपर्यंत तो शोधाचा क्रम आहे. आता तो कक्षा पक्की होण्याचा क्रम आहे. १९३७ मध्ये दिसलेला हर्मिस २००३ पर्यंत हरवलेला होता, म्हणून त्याचा क्रमांक ६९२३०.

खरं नाव ही तिसरीच पायरी. क्रमांक मिळाल्यावर शोधकाला दहा वर्षं नाव सुचवण्याचा हक्क असतो, पण बहुतेक वेळा कोणी ते सुचवतच नाही. म्हणून क्रमांक मिळालेल्या लाखो लघुग्रहांपैकी बहुतेक आजही कंसातला क्रमांक आणि त्यापुढे जुनं तात्पुरतं नाव, अशा जोडीनेच लिहिले जातात.