ईपीएस वाढला, पण कशामुळे?

तिमाही निकालांच्या बातम्यांत ईपीएस, म्हणजे प्रति समभाग उत्पन्न, हमखास झळकते. निव्वळ नफ्याला समभागांच्या संख्येने भागायचे, इतका सोपा हिशेब. पण कंपनीने पैसा कुठून उभा केला त्यावर या भागाकाराचे उत्तर बदलते. कर्ज काढले तर व्याज नफ्यातून जाते. नवे समभाग विकले तर वाटेकरी वाढतात.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. १०० रुपयांना विकलेले १ कोटी समभाग, म्हणजे भांडवल १०० कोटी. नव्या कारखान्यासाठी आणखी १०० कोटी हवेत. एक तर १०० रुपयांनीच आणखी १ कोटी समभाग विकायचे, नाही तर १० टक्के व्याजाने कर्ज काढायचे. कर २५ टक्के धरू.

व्याज व कर देण्याआधीचा नफा ३० कोटी झाला, तर समभागांच्या मार्गाने ईपीएस ११.२५ रुपये येतो आणि कर्जाच्या मार्गाने १५. पैसा तेवढाच, कारखाना तोच, तरी कर्जवाला हुशार दिसतो! नफा २० कोटींवर आला की दोन्हीकडे साडेसात रुपये. आणि मंदीत तो १२ कोटींवर घसरला, तर समभागवाल्याकडे साडेचार रुपये उरतात, कर्जवाल्याकडे जेमतेम दीड. मंदी आली म्हणून बँक व्याज सोडत नाही.

बरोबरीचा हा २० कोटींचा टप्पा योगायोगाने आलेला नाही. एकूण २०० कोटींवर १० टक्के परतावा, म्हणजे व्याजदराइतकाच. कारखाना व्याजापेक्षा जास्त कमावत असेल तर वरची मलई जुन्या भागधारकांची, कमी कमावत असेल तर खड्डाही त्यांचाच. व्याजावर करसवलत मिळते म्हणून कर्जाने ईपीएस वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. या तुलनेत मात्र कराचा दर दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, त्यामुळे कर कितीही असला तरी बरोबरीचा टप्पा जागचा हलत नाही.

तो हलवते समभागाची किंमत. तेजीत हाच समभाग ४०० रुपयांना खपला, तर २५ लाख समभागांत काम भागते. मग ३० कोटी नफ्यावर समभागांच्या मार्गाने ईपीएस १८ रुपये येतो आणि कर्ज मागे पडते. बरोबरीचा टप्पा थेट ५० कोटींवर जातो.

मग वाढलेल्या ईपीएसला बाजाराने किती भाव द्यावा? मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवले, की कर, दिवाळखोरीचा खर्च वगैरे बाजूला ठेवले तर कर्ज-समभागांचे प्रमाण बदलून कंपनीचे एकूण मूल्य बदलत नाही. कर्जामुळे उत्पन्न वाढते तशी जोखीमही वाढते, आणि गुंतवणूकदार त्या उत्पन्नाला कमी पटीने मोजतात, म्हणजे ईपीएसच्या प्रत्येक रुपयामागे कमी भाव देतात. माझ्या मते, ईपीएस वाढला म्हणून व्यवस्थापनाची पाठ थोपटण्याआधी व्याजखर्चाची ओळ वाचावी.

मुंबईच्या रिलायन्सने २०२० मध्ये उलट वाट धरली. कर्जाचा भार उतरवताना जिओ प्लॅटफॉर्म्समधला हिस्सा विकला, शिवाय ५३,१२४ कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांना नवे समभाग घेण्याचा देकार, आणला: दर १५ समभागांमागे एक नवा, १,२५७ रुपयांना. म्हणजे समभाग जवळपास पावणेसात टक्क्यांनी वाढणार. पण पैसे हप्त्यांनी घेतले: अर्जासोबत ३१४.२५ रुपये, मे २०२१ मध्ये तितकेच, उरलेले नोव्हेंबरमध्ये. असे अंशतः भरलेले समभाग लाभांशात जितके हक्कदार, तितकेच ईपीएसच्या हिशेबात मोजायचे असा लेखा मानकांचा नियम आहे.